समन्स कुणाच्या हातात पडलं?

कोर्टाचा विषय निघाला की आपण सगळे 'तारखांवर तारखा' म्हणून मोकळे होतो. पण दिवाणी दाव्यात माणूस बऱ्याचदा पहिल्या तारखेच्या आधीच हरतो. कारण समन्स त्याच्यापर्यंत पोचतच नाही, किंवा पोचतं पण त्याला त्याचा अर्थ कळत नाही. आपल्या महाराष्ट्रात या एका गोष्टीने काय घडवलं होतं, ते सांगतो.

1859 साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एक दिवाणी दावे कसे चालवायचे याचा आणि दुसरा मुदतीचा. साध्या, नोंदणी नसलेल्या कर्जखतावर सावकाराने तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर हक्क बुडाला. जुनी खतं उकरून कुळाला छळू नये, हा हेतू. ऐकायला छान!

झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार दारात हजर. 'नवं खत लिहून दे, नाहीतर दावा लावतो.' नव्या खतात थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलेलं. म्हणजे कुळाच्या रक्षणासाठी घातलेली मुदत सावकाराचंच हत्यार झाली.

आणि दावा लागलाच तर? कोर्ट तालुक्याला, कुळाला लिहिता-वाचता येत नाही, वकील परवडत नाही. शिपायाला हाताशी धरून समन्स बजावल्याचा खोटा शेरा मारून घेतात, अशाही तक्रारी होत्या. प्रतिवादी गैरहजर, म्हणून एकतर्फा हुकूमनामा. मग दरखास्त, जप्ती, लिलाव. अनेकांना आपण दावा हरलो हे जमीन जाताना कळलं.

त्यातच अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले आणि सारा मात्र वाढला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि लोण पुढे नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. हेच ते दख्खनचे दंगे. या लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर होता. खतं, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून जाळले. आपला गळा कशाने आवळला गेलाय हे त्या निरक्षर माणसांना बरोबर कळलं होतं.

सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. त्यातली तरतूद मला आजही महत्त्वाची वाटते: खास कारण नसेल तर कोर्टाने प्रतिवादीला स्वतः तपासायचं, आणि नुसत्या खतावर न जाता कर्जाचा मुळापासून हिशोब बघायचा. मुदतही वाढवून साध्या खताला सहा आणि नोंदणीकृत खताला बारा वर्षं केली. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली स्पेशल जज होते.

आता आजचं बघा. 2002 पासून नियम असा, की समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्या, कोर्टाने सवलत दिली तर 90 दिवस. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अपवाद म्हणून त्यापुढेही परवानगी देता येईल. व्यापारी दाव्यांत मात्र 120 दिवसांनंतर दार बंद, हे 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं केलं.

घड्याळ कडक करायला माझा विरोध नाही. वर्षानुवर्षं कैफियत न देता दावा लोंबकळत ठेवणारे प्रतिवादी काही कमी नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की घड्याळ सुरू होतं समन्स बजावल्यावर, तेव्हा बजावणी खरी झाली का हे आधी तितक्याच कडकपणे बघा. 2018 मध्ये मुंबई हायकोर्टाने व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निळ्या खुणा बघून नोटीस मिळाल्याचं मानलं. चांगलंच आहे. पण पीडीएफ उघडली म्हणजे ती समजली, असं नाही. 1875 च्या कुळाचा आणि आजच्या कित्येकांचा प्रश्न इथे एकच आहे.

म्हणून काही गोष्टी घरच्यांनाही सांगून ठेवा.

बेलिफ आला तर समन्स घ्या. 'नको' म्हटलं तरी कायद्याने ते बजावलंच धरलं जातं. दार लावून बसलात तर दारावर चिकटवतील, तीही बजावणीच.

मिळालेली तारीख कागदावरच लिहून ठेवा. तिथून तुमचे 30 दिवस मोजले जातात.

एकतर्फा निकाल झालाच, तर तो रद्द करायचा अर्ज 30 दिवसांत. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे दिवस निकाल कळल्यापासून धरतात. तेव्हा 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील फुकट मिळतो. सुप्याच्या शेतकऱ्यांना ही सोय नव्हती. आपल्याला आहे, ती वापरा.