काजळीचा हिशोब

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पेपरात एक फोटो हमखास येतो. 'बॉयलर अग्निप्रदीपन'. पूजा, नारळ, शेजारी संचालक मंडळ. मग गाळप सुरू झालं की कारखान्याजवळच्या वस्तीत दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके पडायला लागतात. लोक तिला काजळी म्हणतात, आणि पावसासारखी ती येणारच असं धरून चालतात.

पण ही काजळी किती पडणार, हे बॉयलर पेटवायच्या आधी कागदावर मांडता येतं.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आधी गुऱ्हाळं होती. चरकातून निघालेलं चिपाड लगेच चुलवणात जात नसे. उन्हात पसरायचं, कडकडीत वाळलं की मग जाळायचं. ओलं चिपाड नुसता धूर करतं आणि काहील तापत नाही, हे गुळव्याला पक्कं ठाऊक होतं. १९३३ साली वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ रावळगावला कारखाना काढला. स्वातंत्र्यानंतर निफाड, पळसे, दिंडोरी, देवळा भागात सहकारी कारखाने उभे राहिले. तिथे वाळवायला जागा कुठली आणि वेळ कुठला? मिलमधून निघालेलं बगॅस सरळ भट्टीत. त्याचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच! ते पाणी उडवण्यात उष्णता जाते, भट्टी थंडावते, आणि अर्धवट जळालेले कण राखेसोबत धुराड्यातून बाहेर पडतात. (घरचंच इंधन, कोळसा विकत घ्यावा लागत नाही, हा फायदा मोठाच. तो कोण नाकारतो?)

आता हिशोब बघा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने बगॅससाठी गुणांक काढून ठेवलेत: काहीच यंत्रणा नसेल तर टनामागे ७.८ किलो कण हवेत, सायक्लोन बसवला तर ४.२, पाण्याचा स्क्रबर बसवला तर ०.७. दिवसाला १२५० टन ऊस गाळणारा कारखाना घ्या, सहकारातला एकेकाळचा ठरलेला आकार. उसाच्या ३० टक्के बगॅस धरलं तर ३७५ टन. ते सगळं जाळलं तर रोज जवळपास २,९०० किलो कण गावावर. स्क्रबर नीट चालला तर २६० किलो. अचूक आकडा भट्टीगणिक बदलेल, पण फरक दहापटीचा आहे.

आणि आपला कायदा? हवा प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. पण बगॅसच्या बॉयलरची मर्यादा भट्टीच्या प्रकारावर ठरवली गेली: स्टेप ग्रेटला घनमीटरमागे २५० मिलिग्रॅम, घोड्याच्या नालेसारख्या भट्टीला ५००, आणि बगॅस उडवत टाकणाऱ्या स्प्रेडर स्टोकरला चक्क ८००. म्हणजे जी भट्टी जास्त कण उडवते, तिला जास्त सूट! माप भट्टीचं घेतलं, खाली राहणाऱ्या माणसाच्या छातीचं नाही. सगळ्यांना सरसकट १५० ची मर्यादा यायला जानेवारी २०१६ उजाडलं.

मधल्या काळात जिल्ह्यातले काही कारखाने बंदही पडले. त्यातल्या काहींची धुराडी नंतर पुन्हा पेटली. आनंदच आहे, ऊस उत्पादकाला आणि कामगाराला त्याची गरज होती.

यंदाच्या अग्निप्रदीपनाला ज्यांना निमंत्रण असेल त्यांनी नारळ फुटल्यावर एवढंच विचारा: स्क्रबरचं पाणी रात्रपाळीतही चालू असतं का, आणि धुराड्यावरच्या मीटरचा आकडा गेटवर लावणार का?