कोच नसतील तर?

संपादक मंडळाने मला "आपल्या बास्केटबॉलवर काहीतरी लिही" असं सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा आठवणी हव्या होत्या. कोणाचे गुडघे फुटले, कोणाचा डबा कोणी खाल्ला, वगैरे. त्या आपण स्नेहसंमेलनाच्या दिवशी जेवताना सांगूच. मी इथे एका छोट्याशा नियमाचा इतिहास लिहिणार आहे. सामना चालू असताना मुख्य कोच जागेवर नसतील, तर संघाचा कारभार कोणी बघायचा? आपल्या मुलींच्या संघाला हा प्रश्न नववीत असताना खरोखरच पडला होता. त्याचा इतिहास वाचताना मला आपल्या चित्रकलेच्या बाई सारख्या आठवत होत्या. त्यांच्याकडे मी येतेच, पण आधी थोडं मागे जाऊ.

बास्केटबॉल हा असा खेळ आहे की ज्याची जन्मतारीख सांगता येते: २१ डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकांनी थंडीच्या दिवसांत व्यायामशाळेत खेळता येईल असा हा खेळ काढला. अठरा विद्यार्थी, नऊ-नऊ जणांचे दोन संघ आणि पीच फळांच्या दोन टोपल्या, एवढाच सरंजाम. त्यांचे तेरा नियम जानेवारी १८९२ मध्ये छापून आले. त्या नियमांत पंच आहेत, कॅप्टन आहेत. कोच मात्र कुठेच नाहीत. तेराव्या नियमात म्हटलं आहे की बरोबरी झाली आणि दोन्ही कॅप्टनांचं एकमत असलं, तर पुढचा गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवावा. म्हणजे संघाच्या वतीने निर्णय घेण्याचा पहिला अधिकार नियमाने दिला तो कॅप्टनला.

नायस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले आणि १८९८ ते १९०७ या काळात तिथल्या संघाचे कोच होते. खेळाच्या जनकाची कोच म्हणून कामगिरी काय, तर ५५ विजय आणि ६० पराभव! हा खेळ खेळायचा असतो, त्यात शिकवण्यासारखं फार काही नाही, असंच त्यांचं मत होतं.

नियम करणाऱ्यांनाही बरीच वर्षं तसंच वाटत असावं. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळात १९१० च्या सुमारास नियम झाला की सामना चालू असताना संघाशी संबंधित कोणीही बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा तोंड उघडलं तर प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो. टाइम-आउटमध्ये कोचना आपल्या खेळाडूंशी बोलायची मुभा मिळाली ती थेट १९४८-४९ च्या हंगामात. आपला देश स्वतंत्र झाला, तरी तिथल्या कोचना टाइम-आउटमध्ये बोलायचं स्वातंत्र्य नव्हतं!

त्यानंतर मात्र कोचचं महत्त्व वाढत गेलं. आणि एकदा सगळा भार एका माणसावर टाकला, की तो माणूस नसेल तेव्हा काय, हा प्रश्न येतोच. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हाच प्रश्न सोडवत असतो. एक सर्व्हर बंद पडला तर काम कोणाकडे जाणार, तोही पडला तर पुढे कोण, हे आधी लिहून ठेवावं लागतं. फिबा, म्हणजे १९३२ मध्ये स्थापन झालेली बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संस्था, हिच्या नियमपुस्तकातली उत्तराची साखळी मला म्हणूनच फार आवडते.

आजचा नियम थोडक्यात असा. सामन्याच्या किमान ४० मिनिटं आधी खेळाडूंची, कोचची आणि सहायक कोचची नावं स्कोअररकडे द्यायची. किमान १० मिनिटं आधी कोचने ती तपासून स्कोअरशीटवर सही करायची. सामना चालू असताना कोच आणि पहिले सहायक कोच यांच्यापैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं. टाइम-आउट दोघांपैकी कोणीही मागू शकतं, पण पंचांशी बोलायची परवानगी सहायकाला नाही. मुख्य कोचला कोणत्याही कारणाने काम पुढे चालवता आलं नाही, तर त्यांची सगळी कर्तव्यं आणि सगळे अधिकार सहायकाकडे जातात. कारण आजारपणाचं असो किंवा शिक्षेचं. कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोन टेक्निकल फाउल झाले की त्यांना मैदान सोडावं लागतं. बाकावरच्या इतरांचे फाउलही कोचच्याच नावावर चढतात, आणि असे मिळून तीन झाले तरी तीच शिक्षा.

आणि सहायकही नसेल तर? मग कॅप्टन कोच होतो, खेळता खेळताच. कॅप्टनला बदली करून बाकावर बसवलं तरी त्याचं कोचपद जात नाही. त्यालाच मैदानाबाहेर काढलं किंवा गंभीर दुखापत झाली, तर त्याच्या जागी कॅप्टन होणारा खेळाडू कोच होतो. नायस्मिथांच्या तेराव्या नियमातला कॅप्टन या साखळीच्या टोकाशी अजून उभा आहे.

आता आपल्याकडे वळू. वायएमसीएने हा खेळ भारतातही रुजवला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं आणि तिथून तयार झालेले शिक्षक देशभर गेले. त्यामुळे आपल्याकडे बास्केटबॉल आला तो प्रामुख्याने शाळेच्या पीटीच्या तासातून. मुंबईच्या उपनगरांतल्या आपल्यासारख्या मराठी शाळेत पीटीचे सर एकच. कबड्डी, खो-खो, लेझीम, १५ ऑगस्टची कवायत, सगळं त्यांच्याच शिट्टीवर. मुलांचा आणि मुलींचा सामना एकाच दिवशी दोन ठिकाणी आला, की सर मुलांबरोबर जात. सहायक कोच नावाचं पद शाळेत कोणी ऐकलंही नव्हतं.

१९९४ मध्ये तसंच झालं. आपला सामना अंधेरीला होता. मुलुंडहून निघायचं, दादरला गाडी बदलायची आणि अंधेरीला उतरून पुढे चालायचं. आज घाटकोपरहून मेट्रोने वीस-पंचवीस मिनिटांत अंधेरी गाठणाऱ्या मुलींना त्या प्रवासाची कल्पना यायची नाही. सोबत शिक्षिका हवी म्हणून चित्रकलेच्या बाई आल्या. स्कोअररने विचारलं, "कोच कोण?" बाईंनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि सही केली. तेव्हा सामन्याचे दोनच भाग असत. चार क्वार्टर २००० मध्ये आले. मुलींनाही मुलांचाच ७ नंबरचा चेंडू असे. स्त्रियांसाठी जरा लहान, ६ नंबरचा चेंडू आला तो २००४ मध्ये.

मध्यंतराच्या थोडं आधी आपल्या एकीचा पाय मुरगळला आणि बघता बघता घोटा सुजला. तिला डॉक्टरकडे न्यायलाच हवं होतं. समोरच्या शाळेच्या सरांनी "मी आहे इथे, तुम्ही जा" असं सांगितल्यावर बाई तिला घेऊन रिक्षाने निघाल्या. आता आमच्या बाकावर मोठं माणूस एकही नव्हतं. पंचांनी आपल्या कॅप्टनला बोलावलं आणि सांगितलं, "आता तूच कोच. टाइम-आउट हवा असेल तर टेबलाकडे येऊन मागायचा." आम्हाला वाटलं, ते दया करताहेत. तो नियम होता, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. तिने दोन टाइम-आउट घेतले, एका टाइम-आउटमध्ये मला बाकावरही बसवलं, आणि आपण सामना दोन गुणांनी जिंकलो. ती सध्या सिंगापूरला असते. या स्नेहसंमेलनाला येणार आहे.

त्या वर्षीच्या अहवालात मार्गदर्शक म्हणून फक्त पीटीच्या सरांचं नाव छापून आलं. सरांनी आपल्याला शिकवलं हे खरंच आहे, त्यामुळे ते नाव चुकीचं नव्हतं. पण सही केलेल्या बाई आणि उत्तरार्ध सांभाळणारी कॅप्टन यांची नोंद कुठेच राहिली नाही.

नोंदीचा हा घोळ मोठ्या खेळातही आहे. २०१५ मध्ये एनबीएतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचे कोच स्टीव्ह केर पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रजेवर गेले आणि संघ त्यांचे सहायक ल्यूक वॉल्टन यांच्याकडे आला. वॉल्टन १९८० चे, म्हणजे आपल्याच वयाचे. त्यांच्या हाताखाली संघाने हंगामाच्या सुरुवातीचे सलग २४ सामने जिंकले. केर जानेवारी २०१६ मध्ये परतले, तोवर ३९ विजय आणि ४ पराभव झाले होते. पण एनबीएच्या पद्धतीप्रमाणे ते सगळे विजय अधिकृतपणे केर यांच्याच नावावर लागले. वॉल्टन यांच्या खात्यात एकही नाही!

हेच वॉल्टन ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आले होते, सॅक्रॅमेंटो किंग्जचे मुख्य कोच म्हणून. भारतातले एनबीएचे पहिले दोन सामने ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. पहिला सामना इंडियाना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला आणि तो बघायला शाळकरी मुलामुलींनी सभागृह भरलं होतं. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे जुहूत वाढलेले, सॉफ्टवेअरच्या धंद्यात नाव कमावलेले. त्यांनी स्वतः कधी बास्केटबॉल न खेळता आपल्या मुलीच्या शालेय वयाच्या संघाचं कोचपद निभावलं होतं. आपल्या बाईंचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं.

नियमाने अधिकाराची साखळी कुठेही तुटू दिलेली नाही. संघ एक क्षणही पोरका राहत नाही. श्रेयाची साखळी मात्र नियमपुस्तकात नाही. ती शाळेच्या अहवालात आणि आपल्यासारख्यांच्या स्मरणिकेत लिहावी लागते. म्हणून संपादक मंडळाला माझी विनंती आहे. या अंकाच्या शेवटी क्रीडास्पर्धांची जी यादी छापणार आहात, त्यात १९९४ च्या ओळीत सरांच्या नावाशेजारी बाईंचं आणि आपल्या कॅप्टनचंही नाव घाला. मी या लेखात ती दोन्ही नावं लिहिलेली नाहीत. यादीत ती पूर्ण नावानिशी, कोच या शीर्षकाखाली यावीत, अशी माझी इच्छा आहे.