दुभंगलेल्या फौजेचा शेवटचा सरसेनापती

दिल्लीचं तीन मूर्ती भवन आपल्याला नेहरूंचं घर म्हणून ठाऊक आहे. समोरच्या चौकात भाले घेतलेल्या तीन सैनिकांचे पुतळे आहेत. हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या घोडदळातले जे सैनिक पहिल्या महायुद्धात पश्चिम आशियात लढले, त्यांचं ते स्मारक. मागचा बंगला मात्र नेहरूंसाठी बांधलेला नव्हता. त्याचं मूळ नाव 'फ्लॅगस्टाफ हाउस' आणि ते होतं ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरसेनापतीचं निवासस्थान. अविभक्त हिंदुस्थानचा शेवटचा सरसेनापती, फील्ड मार्शल सर क्लॉड ऑकिन्लेक, इथेच राहत होता.

आपल्याकडे ब्रिटिश सेनाधिकारी आठवायचे म्हटलं की असईचा वेलस्ली आठवतो, झाशीला वेढा घालणारा ह्यू रोझ आठवतो. सत्तांतराच्या काळातले म्हणून वेव्हेल आणि माउंटबॅटन आठवतात. ऑकिन्लेक या दोघांच्या मधल्या फटीत हरवला आहे. पण आज सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन फौजा उभ्या आहेत, त्यांची वाटणी ज्याच्या सहीने झाली तो हा माणूस. आणि ही वाटणी होऊ नये, असं बहुधा इतर कुणाहीपेक्षा जास्त मनापासून वाटणाराही हाच.

त्याचा जन्म २१ जून १८८४ रोजी इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉट या लष्करी गावी झाला. वडील तोफखान्यात कर्नल होते. क्लॉड आठ वर्षांचा असताना ते वारले आणि आयरिश आईने ओढगस्तीत मुलं वाढवली. मृत अधिकाऱ्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलतीमुळे त्याला वेलिंग्टन कॉलेजात शिकता आलं. तिथून सँडहर्स्ट, आणि मग हिंदुस्थानी लष्कर. ज्या तरुणांकडे घरचा पैसा नसे ते बरेचदा हिंदुस्थानी लष्कर पसंत करत, कारण ब्रिटिश पलटणीतलं राहणीमान नुसत्या पगारात झेपत नसे आणि इथे ते झेपे. १९०४ साली तो ६२व्या पंजाबी पलटणीत दाखल झाला. पंजाबी शिकला, आणि ती हुकूम सोडण्यापुरती नव्हे तर शिपायांशी गप्पा मारण्याइतकी. पुढे तो कितीही वर चढला तरी त्याची मुळं या पलटणीतच राहिली.

पहिल्या महायुद्धात ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. इथे त्याच्या कहाणीला महाराष्ट्राचा एक धागा येऊन मिळतो. कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी ज्या फौजेला वेढलं होतं, ती सहावी पुणे डिव्हिजन होती. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात अडकल्या होत्या. सह्याद्रीच्या कुशीतून गेलेले शिपाई तैग्रिसच्या काठी उपाशी दिवस काढत होते, आणि त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत ऑकिन्लेक होता. जानेवारी १९१६मध्ये हन्नाच्या लढाईत पाऊस, चिखल आणि समोरून येणारा मारा यांत त्याच्या पलटणीची वाताहत झाली. जे थोडे ब्रिटिश अधिकारी वाचले त्यांपैकी तो एक. कुतची सुटका काही झाली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जण शरण गेले आणि त्यांतले हजारो जण तुर्कांच्या कैदेतून परतलेच नाहीत. वरिष्ठांच्या घाईची किंमत शिपाई कशी मोजतो, हे ऑकिन्लेकने तिथे पाहिलं. पुढे चर्चिलशी त्याचं जे वाजलं, त्याचं मूळ बरंचसं या चिखलात असावं.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजात शिकवणं, पेशावर ब्रिगेड, वायव्य सरहद्दीवर मोहमंद टोळ्यांविरुद्धच्या मोहिमा, असा त्याचा प्रवास चालू राहिला. त्या मोहिमा साम्राज्याच्याच होत्या, त्यांबद्दल भाबडेपणा नको. पण याच काळात लष्करातल्या एका प्रश्नावर त्याचं मत पक्कं झालं: हिंदी अधिकाऱ्यांचा प्रश्न. १९२३च्या योजनेनुसार हिंदी अधिकारी फक्त आठ ठरावीक पलटणींत घातले जात होते. कारण उघड होतं. गोऱ्या अधिकाऱ्याला काळ्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करावं लागू नये. ऑकिन्लेकला ही विभागणी अपमानास्पद वाटे आणि लष्करी दृष्ट्याही घातक वाटे. ज्यांना तुम्ही बरोबरीचं मानत नाही त्यांच्याकडून बरोबरीची निष्ठा कशी मागणार, असा त्याचा सरळ हिशेब होता.

दुसऱ्या महायुद्धात १९४०मध्ये तो नॉर्वेत नार्विकच्या मोहिमेवर होता. १९४१च्या सुरुवातीला तो हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. इराकमध्ये रशीद अलीने उठाव केला तेव्हा त्याने तातडीने बसऱ्याला फौज धाडली. चर्चिल खूश झाला आणि त्याच वर्षी वेव्हेल आणि ऑकिन्लेक यांची अदलाबदल झाली. वेव्हेल दिल्लीला आला, ऑकिन्लेक कैरोला गेला. तिथे पोचल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे चर्चिलला 'थांबा' असं सांगितलं. रणगाडे आणि प्रशिक्षण पुरेसं झाल्याशिवाय हल्ला करणार नाही, यावर तो अडून बसला. नोव्हेंबर १९४१च्या 'क्रुसेडर' मोहिमेत त्याने टोब्रुकचा वेढा उठवला. लढाई हातची जाते असं वाटत असताना त्याने आठव्या सैन्याचा सेनापती बदलला आणि चढाई चालू ठेवली. पण हाताखालची माणसं निवडण्यात तो कच्चा होता. कनिंगहॅमच्या जागी त्याने नेमलेला रिची रोमेलपुढे टिकला नाही. २१ जून १९४२ला टोब्रुक पडलं, तीसेक हजार सैनिक कैद झाले. तो ऑकिन्लेकचा अठ्ठावन्नावा वाढदिवस होता.

चार दिवसांनी त्याने आठव्या सैन्याची सूत्रं स्वतःच्या हाती घेतली आणि अल अलामेनला पाय रोवले. १ जुलैला देर-अल-शैन इथे अठराव्या हिंदी ब्रिगेडने रोमेलच्या रणगाड्यांना दिवसभर थोपवलं. ब्रिगेड स्वतः चिरडली गेली, पण रोमेलचा तो दिवस वाया गेला. महिनाभराच्या झुंजीनंतर जर्मनांची इजिप्तवरची चढाई थांबली. ऑगस्टमध्ये चर्चिल जातीने कैरोला आला, आणि पुन्हा लगेच हल्ला करायला ऑकिन्लेकने नकार दिल्यावर त्याला काढून टाकलं. त्याच्या जागी अलेक्झांडर आणि मॉन्टगोमेरी आले. ऑक्टोबरमध्ये हल्ला झाला, साधारण ऑकिन्लेकला हव्या तितक्याच तयारीनंतर. विजयाचं श्रेय मॉन्टगोमेरीला मिळालं. १९५८मध्ये आलेल्या मॉन्टगोमेरीच्या आठवणींत ऑकिन्लेक माघारीच्या बेतात होता असं लिहिलेलं होतं. ऑकिन्लेकने हरकत घेतल्यावर प्रकाशकाला खुलासा छापावा लागला. स्वतःचं आत्मचरित्र मात्र त्याने कधीच लिहिलं नाही.

जवळजवळ वर्षभर रिकामा बसल्यावर जून १९४३मध्ये तो दुसऱ्यांदा हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. आता प्रत्यक्ष लढाई त्याच्याकडे नव्हती. माणसं भरती करणं, शिकवणं, ब्रह्मदेशच्या आघाडीला रसद पुरवणं हे काम होतं. ब्रह्मदेश परत जिंकणाऱ्या स्लिमने या कामाचं ऋण पुढे मोकळेपणाने मान्य केलं. १९३९ला दोन लाखांच्या आसपास असलेलं हिंदुस्थानी लष्कर युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेलं. आणि त्याच लष्करातून फुटलेले हजारो सैनिक आझाद हिंद सेनेत होते. तिच्या वरिष्ठांमध्ये सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसलेही होते.

५ नोव्हेंबर १९४५ला लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर लष्करी खटला सुरू झाला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. जागा लाल किल्ल्याची. सरकारने यापेक्षा मोठी चूक मुद्दाम ठरवूनही केली नसती, आणि या चुकीत ऑकिन्लेकचा वाटा होता. खटल्यातून कैद्यांशी झालेल्या क्रूर वागणुकीच्या गोष्टी बाहेर आल्या की लोकमत फिरेल, असा सरकारी अंदाज होता. झालं उलटंच. भुलाभाई देसाईंनी बचाव केला, नेहरूंनी अनेक वर्षांनी वकिलीचा झगा चढवला आणि तिघंही देशाचे नायक झाले. ३१ डिसेंबरला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती कायम करायची की नाही हे ठरवणं सरसेनापतीच्या हाती होतं.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात ऑकिन्लेकने जन्मठेप माफ केली. बडतर्फी आणि थकलेला पगार बुडणं तेवढं राहिलं. ब्रिटिश अधिकाऱ्यांत संताप उसळला. त्यांच्यासाठी त्याने फेब्रुवारी १९४६मध्ये एक गोपनीय टिपण लिहिलं. त्याचा आशय असा: शिक्षा अंमलात आणली असती तर देशभर उद्रेक झाला असता, लष्करात बंड झालं असतं आणि ते लष्कर राहिलंच नसतं. पण तो एवढ्यावर थांबला नाही. हिंदी अधिकाऱ्याची ब्रिटनवर ब्रिटिशांसारखीच निष्ठा असावी अशी अपेक्षा करणंच चूक आहे, आणि तो राष्ट्रवादी असणार हे गृहीत धरायला हवं, असं त्याने बजावलं. ही वेळ आणण्यात हिंदी अधिकाऱ्यांना सुरुवातीपासून दिलेल्या वागणुकीचाही हात आहे, हेही त्याने आपल्याच लोकांना सुनावलं. साम्राज्याच्या सेनापतीने साम्राज्याचा पाया भुसभुशीत असल्याची दिलेली ही लेखी कबुली होती. तिची सत्यता पटायला फार वेळ लागला नाही. त्याच महिन्यात मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या हे निमित्त झालं. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली.

मग आली फाळणी. १९४६मध्ये फील्ड मार्शल झालेल्या ऑकिन्लेकला लष्कराची वाटणी मुळातच नको होती. करायचीच तर काही वर्षं द्या, असं त्याचं म्हणणं होतं. ३ जूनच्या घोषणेपासून १५ ऑगस्टपर्यंत त्याला मिळाले अडीच महिने. ढोबळमानाने दोनास एक या प्रमाणात माणसं, तोफा, कारखाने, बँडची वाद्यंसुद्धा वाटली गेली. त्याची स्वतःची पलटण, जी आता पहिल्या पंजाब रेजिमेंटचा भाग होती, पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तिच्यातले हिंदू आणि शीख शिपाई भारताकडे निघाले. ज्यांच्याशी तो पंजाबीत बोलायला शिकला, त्यांची नातवंडं आता वेगवेगळ्या गाड्यांत बसत होती.

इथे एक अवघड गोष्ट सांगायला हवी. ऑकिन्लेकला वाटत असे की हिंदुस्थानी लष्कर धर्माच्या पलीकडे गेलेलं आहे. पलटणीच्या पातळीवर ते खरंही होतं, एकाच पलटणीतले मुसलमान आणि शीख एकमेकांसाठी मेले होते. पण १८५७नंतर इंग्रजांनी हे लष्कर रचलंच होतं जातीधर्मांच्या कप्प्यांवर. एका पलटणीत एक कंपनी मुसलमानांची, एक शिखांची, एक डोग्र्यांची. सगळे मिळून उठू नयेत म्हणून केलेली ही रचना. म्हणूनच १९४७मध्ये वाटणी इतक्या झटपट झाली. कप्पे तयारच होते, ते फक्त उचलून दुसरीकडे ठेवायचे होते. ज्या एकोप्यावर ऑकिन्लेकचं प्रेम होतं, त्याच्या खाली ही फट पूर्वीपासून होती. ती त्याला दिसली नाही, किंवा दिसूनही तिच्याकडे पाहवलं नाही.

पंजाबात कत्तली सुरू झाल्या तेव्हा जनरल रीसच्या हाताखाली सीमा दल उभं केलं गेलं. सल्लागारांत भारताकडून थिमय्या, पाकिस्तानकडून अयूब खान. बारा जिल्ह्यांसाठी ते दल अगदीच अपुरं होतं आणि महिनाभरातच बरखास्त झालं. ऑकिन्लेक आता दोन्ही देशांचा 'सुप्रीम कमांडर' होता, म्हणजे नाव मोठं आणि वाटणी पुरी करण्यापलीकडे अधिकार जवळजवळ नाही. सरदार पटेलांसह भारतीय नेत्यांना तो पाकिस्तानकडे झुकलेला वाटे, आणि लंडनला त्याने पाठवलेल्या अहवालात भारत सरकारवर कडक टीका होती हे खरंच आहे. पण याच माणसाने २८ ऑक्टोबर १९४७ला लाहोरला उडत जाऊन जिनांना काश्मीरमध्ये सैन्य पाठवण्याचा हुकूम मागे घ्यायला लावला. हुकूम राहिला तर पाकिस्तानी लष्करातले सगळे ब्रिटिश अधिकारी काढून घेऊ, असं त्याने सांगितलं. त्यामुळे त्या बाजूलाही तो आपला राहिला नाही.

सप्टेंबरच्या अखेरीसच माउंटबॅटनने त्याला पद सोडायला सुचवलं होतं. ३० नोव्हेंबरला त्याचं मुख्यालय बंद झालं. सरदारकी देऊ केली गेली, ती त्याने नाकारली. ज्या कामाची त्याला लाज वाटत होती, त्याचं बक्षीस त्याला नको होतं. घरही उरलं नव्हतं. पत्नी जेसी हवाई दलातल्या रिचर्ड पीअर्सबरोबर निघून गेली होती आणि १९४६ला घटस्फोट झाला होता. मूलबाळ नव्हतं. १९६८मध्ये तो मोरोक्कोत माराकेशला जाऊन राहिला आणि २३ मार्च १९८१ला, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, तिथेच वारला.

त्याला थोर म्हणायचं की नाही, हा प्रश्न मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. तो साम्राज्याचा नोकर होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. पण आपल्या हाताखालचा शिपाई आपल्या राजाला बांधील नाही, त्याचं स्वतःचं एक राष्ट्र आहे, हे त्याने अधिकारात असताना कागदावर लिहिलं आणि त्यानुसार तीन माणसांची जन्मठेप माफ केली. पुढच्या वेळी तीन मूर्तीला गेलात तर आत जाण्याआधी चौकात क्षणभर थांबा. ते तिघे सैनिक तिथे उभे राहिले तेव्हा फौज एकच होती.