केसांची साक्ष

मनुष्य जातो, त्याचा देह अग्नीत किंवा मातीत मिळून जातो. केस मात्र कोरड्या जागी जपले तर शतकानुशतके टिकतात. एकोणिसाव्या शतकातील युरोपने ह्या गुणाचा मोठा आश्रय केला. छायाचित्र घरोघर पोहोचण्यापूर्वी गेलेल्या माणसाच्या केसांची बट हीच त्याची खूण असे. ती लॉकेटात, अंगठीत किंवा घडी घातलेल्या कागदात ठेवीत. १८६१ साली पती अल्बर्ट निवर्तल्यावर व्हिक्टोरिया राणीनेही त्यांची बट लॉकेटात बाळगली होती.

आपली रीत नेमकी उलट. बाळाचे जावळ आपण काढतो ते देवाला वाहण्यासाठी किंवा नदीत सोडण्यासाठी. प्रयागास वेणीदान करणाऱ्या आपल्याकडील सौभाग्यवतीच्या वेणीचे टोक त्रिवेणीच्या प्रवाहात जाते. तेथेच तीर्थोपाध्याय आपली वही उघडतो आणि यजमानाचे नाव, गाव, वडील, आजे, मुले ह्यांची नोंद करून घेतो. केस वाहून जातात, नावे राहतात. नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या आपल्यापैकी कित्येकांनी अशा वहीत आजोबांचे हस्ताक्षर पाहिले असेल.

पश्चिमेकडे जपलेल्या बटा अलीकडे बोलू लागल्या आहेत. कापलेल्या केसाला मूळ नसते, त्यामुळे त्यात डीएनएचे बारीक तुकडेच उरतात. ते वाचण्याची विद्या आता शास्त्रज्ञांना साधली आहे.

बेथोव्हेन १८२७ साली व्हिएन्नात वारला, तेव्हा चाहत्यांनी त्याच्या बटा कापून नेल्या. त्याच्या म्हणून जपलेल्या आठ बटांची तपासणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पाच एकाच पुरुषाच्या असून त्या त्याच्याच असल्याचा निर्वाळा मिळाला. फर्डिनांड हिलर ह्या तरुण संगीतकाराने कापलेली म्हणून गाजलेली बट मात्र एका स्त्रीची निघाली! तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षांचा आधारच गेला. याहून मोठा धक्का पुढेच होता. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र बेल्जममधील आजच्या बेथोव्हेन आडनावाच्या पुरुषांशी जुळेना. कागदोपत्री पूर्वज एकच. पण मधल्या कोणत्या तरी पिढीत पित्याचे नाव एक आणि रक्त दुसरे, असे घडले होते.

दुसरी कथा न्यायाची आहे. अमेरिकेतील लकोटा लोकांचा नेता सिटिंग बुल १८९० साली मारला गेला. त्याच्या मृतदेहावरून लष्करी डॉक्टराने कापून घेतलेली बट पुढे स्मिथ्सोनियन संग्रहालयात गेली आणि २००७ साली त्याच्या वंशजांना परत मिळाली. त्याचे नाते मुलीच्या मुलीकडून उतरलेले असल्याने वाय गुणसूत्राचा उपयोग नव्हता. तेव्हा आईबापांकडून मिळणाऱ्या उर्वरित डीएनएचे तुकडे जुळवून २०२१ साली त्याचा पणतू खरा ठरला. त्याच्या दफनस्थळाविषयी दोन ठिकाणांचे दावे आहेत. अस्थींवर हक्क सांगणाऱ्या घराण्याला या निर्णयाने बळ मिळाले.

म्हणजे केसांची साक्ष कधी नाते तोडते, कधी परत देते. पण ती एकाच प्रश्नाची साक्ष आहे: कोण कोणापासून जन्मला? कोणी कोणाला आपले म्हणून वाढविले, हे ती सांगत नाही. बेथोव्हेनचे आजोबा आणि वडील बॉनच्या दरबारी गायक होते. रक्ताचा धागा कोठेही तुटला असो, त्या घरातली विद्या त्याच्यापर्यंत पोहोचलीच.

आम्हांस वाटते, बट जपावयाची तर ती कोणाची, कोणी व केव्हा कापली, हे पाकिटावर अवश्य लिहावे. हिलरच्या बटेचा तोच धडा आहे. आणि बट नसली तरी खंत करू नये. बदलीच्या गावी वाढणाऱ्या मुलांना पुढच्या सुटीत प्रयागास न्यावे, वहीत त्यांची नावे त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावीत. घराणे रक्ताने सुरू होते खरे. ते टिकते मात्र नाव लिहिणाऱ्या हाताने.