अमरावतीचे सिव्हिल सर्जन आणि मांजराच्या पिसवा

मागच्या वेळी आपण प्लेगवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "सर, त्या काळी घरोघरी मांजरं असती तर प्लेग टळला असता का?" आम्ही तेव्हा "पुढच्या वेळी सांगतो" म्हणून सुटका करून घेतली. प्रश्न मात्र साधा नव्हता. शंभर वर्षांपूर्वी एका सरकारी डॉक्टरने तो विचारला होता, तोही आपल्या अमरावतीत.

थोडं मागे जाऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि तिथून पसरला. १० मार्च १८९७ ला पुण्यात सावित्रीबाई गेल्या त्या याच रोगाने, रोग्यांची सेवा करता करता. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरातही तो शिरला. घरात उंदीर पडला की चंबूगबाळं उचलायचं आणि माळावर झोपडी घालायची, एवढं लोक अनुभवाने शिकले. उंदीर मरतो आणि मागोमाग माणूस मरतो, हे सगळ्यांना दिसत होतं. मधला दुवा दिसत नव्हता.

तो दाखवला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने, १८९८ च्या जूनमध्ये, कराचीत. (कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, हे आपण विसरतो.) त्याने काचेच्या बरणीत प्लेग झालेला उंदीर ठेवला. उंदराच्या अंगावर पिसवा होत्या, पण त्या कमी पडतील असं वाटून त्याने हॉटेलभोवती हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा उसन्या घेतल्या! उंदीर मरायला टेकला, तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर आत टांगला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं. काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला. म्हणजे बघा, ज्या प्रयोगात पिसू पकडली गेली, त्यातच मांजर आपल्या पिसवा घेऊन हजर होतं. पुढे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

सिमाँवर बरीच वर्षं फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मग मुंबईत ग्लेन लिस्टन आणि नंतर प्लेग कमिशन यांनी परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, तो धागा पुन्हा उचलला. त्यांनी गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीलगतचे प्राणी आजारी पडले. पिसवांची उडी पोचणार नाही इतक्या उंचावरचे वाचले. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही हा प्रयोग फळ्यावर काढत असू. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि काय होतं ते बघा.

आता अमरावतीकडे येऊ. तिथले सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावची मांजरं मोजायला लावली. जिथं मांजरं भरपूर तिथं प्लेग कमी, जिथं ती नाहीत तिथं जास्त, असं त्यांना आढळलं. १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी लिहिलं की मांजर हे प्लेगचं निवारण आहे. मांजर मारल्याचं पाप सोन्याचं मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, असं मानणाऱ्या समाजाला हा सल्ला जड जाणार नव्हता.

आमच्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं. ब्युकॅनन यांचं निरीक्षण आम्ही हसण्यावारी नेत नाही. उंदीर कमी झाले तर प्लेग कमी होणार, हे पटतं. पण मांजरं असलेली गावं आणखी कशाकशात वेगळी होती? धान्य कसं साठवत होते? घरं किती दाटीची होती? गिनीपिगांचा पिंजरा उचलून वर टांगता येतो, गाव येत नाही. आणि मुख्य म्हणजे मांजर स्वतः आजारी पडतं का, हे या हिशोबात नव्हतं.

ते पडतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरामुळे माणसाला प्लेग झाल्याच्या २३ घटना नोंदल्या गेल्या. पाच माणसं दगावली. प्लेग झालेला उंदीर मांजराने खाल्ला, मग ते मालकाला चावलं, बोचकारलं किंवा तोंडाशी खोकलं. मांजराची स्वतःची पिसू प्लेगच्या कामी कच्ची वाहक आहे, हे ब्युकॅनन यांच्या बाजूने सांगायला हवं. मात्र तीच पिसू पट्टकृमी पोसते. अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात. त्यासाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, बरं का. त्यातलं पर्मेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. जीव जाऊ शकतो.

योगायोग असा की त्याच १९०८ मध्ये ट्युनिसला निकोल आणि मॉन्सो यांना एका रानटी कुरतडणाऱ्या प्राण्यात टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सापडला. त्याचं खरं बिऱ्हाड मांजराच्या आतड्यात असतं, हे कळायला १९७० साल उजाडलं. तोवर साठ वर्षं मांजर निर्दोष होतं. त्यानंतर गरोदर बाईच्या घरातून ते हाकललं जाऊ लागलं.

गेल्या वर्षी आमच्या पुतणीला दिवस गेले, तेव्हा सासूबाईंनी हेच फर्मान काढलं. आम्ही मध्ये पडलो. मांजराच्या विष्ठेतून हा परजीवी बहुधा आयुष्यात एकदाच, दोनेक आठवडे बाहेर पडतो. पडल्यावर निदान एक दिवस गेल्याशिवाय तो बाधत नाही. म्हणजे मातीचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केला तर धोका फार उरत नाही. कच्चट मटण आणि न धुतलेली भाजी यांची काळजी जास्त घ्यावी. आमच्याकडचं मटण रटरटून शिजतं, तेव्हा तिथं चिंता नव्हती. सासूबाईंनी डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली, हेही बरंच झालं.

मुलगी आता सात महिन्यांची आहे. ट्रे अजून जावईच साफ करतात.