सार्वजनिक कलेचे मूल्यमापन

चौक, उद्याने, स्थानके, सरकारी इमारतींची आवारे अशा सर्वांना खुल्या जागी उभारलेल्या शिल्पांचा, भित्तिचित्रांचा व स्मारकांचा दर्जा आणि परिणाम तपासण्याची पद्धती. कलादालनात प्रेक्षक आपणहून जातो. चौकातली कलाकृती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेतच उभी असते आणि तिचा खर्च पुष्कळदा सार्वजनिक निधीतून होतो. बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये केला. पुढे तो अनेक शहरांनी स्वीकारला आणि या खर्चातून काय साधले, हा प्रश्न प्रशासनापुढेही आला.

दर्जा : संकल्पना, जागेशी प्रमाणबद्धता, माध्यमावरील हुकमत, टिकाऊपणा, सुरक्षितता व देखभालीची सोय हे दर्जाचे मुख्य निकष. आराखड्याच्या टप्प्यावर त्यांची तपासणी तज्ज्ञ समिती करते. मात्र नमुना पसंत पडला म्हणून प्रत्यक्ष काम पक्के होतेच असे नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. सांगाडा, जोडकाम, गंज आणि समुद्रावरचा वारा यांची तपासणी कलात्मक परीक्षणाइतकीच आवश्यक असल्याचे या घटनेने दाखवले.

परिणाम : लोक तेथे थांबतात का, जागेचा वापर बदलतो का, परिसराला ओळख मिळते का, हे कलाकृती उभी राहिल्यावरच कळते. त्यासाठी निरीक्षण, मुलाखती व प्रश्नावल्या वापरतात. उभारणीपूर्वीची नोंद नसेल, तर तुलनेला आधार राहत नाही. वॉशिंग्टनमधील माया लिन यांच्या व्हिएतनाम युद्धस्मारकावर (१९८२) प्रारंभी कडाडून टीका झाली. पण काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेल्या नावांपाशी लोक पत्रे, पदके, सैनिकी बूट ठेवू लागले आणि राष्ट्रीय उद्यान सेवेला या वस्तूंचा संग्रह करावा लागला. कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा हा पुरावा बोलका आहे.

परिणामाचे श्रेय ठरवणे अवघड असते. इंग्लंडमधील गेट्सहेड येथे अँटनी गॉर्मली यांचे ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हे २० मी. उंच व ५४ मी. पंखविस्ताराचे पोलादी शिल्प १९९८ मध्ये उभे राहिले. आधी स्थानिकांचा विरोध होता. त्याच वर्षी फुटबॉलप्रेमींनी त्याला लाडक्या खेळाडूचा भलामोठा शर्ट चढवला. पुढील काही वर्षांत तेथे नवा पूल, कलाकेंद्र व संगीतगृहही झाले. त्यामुळे शहराच्या कायापालटात एकट्या शिल्पाचा वाटा किती, हे आकड्यांत मांडता येत नाही.

मतभेद : रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात १९८१ मध्ये बसवली गेली. चौक ओलांडण्याची वाट अडल्याची तक्रार तेथील कर्मचाऱ्यांनी केली. तर शिल्प याच जागेसाठी घडवले असल्याने ते हलवणे म्हणजे नष्ट करणे, अशी सेरा यांची भूमिका होती. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १२२ जण शिल्प ठेवण्याच्या, ५८ जण हटवण्याच्या बाजूने बोलले. तरीही समितीने चार विरुद्ध एक मतांनी ते हलवण्याची शिफारस केली आणि १९८९ मध्ये ते काढण्यात आले. सुनावणीला आलेले लोक आणि रोज तो चौक वापरणारे लोक एकच नसतात, म्हणून केवळ हात मोजून निर्णय लागत नाही. तज्ज्ञांचे मत, रोजच्या वापरकर्त्यांचा अनुभव आणि कलावंताचा हक्क यांची नोंद वेगवेगळी ठेवणे इष्ट ठरते.

कालावधी : उद्घाटनानंतरच्या पहिल्या प्रतिक्रिया फसव्या असू शकतात. मुंबईतील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवून नंतर भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला, तरी परिसराचे ‘काळा घोडा’ हे नाव टिकले. १९९९ पासून तेथील कलामहोत्सवानेही ते घेतले आणि २०१७ मध्ये स्वाराविना घोड्याचे नवे शिल्प तेथे बसले. राजाचे स्मारक म्हणून या पुतळ्याचा प्रभाव ओसरला, स्थळाची खूण म्हणून वाढला. अशी उलथापालथ दीर्घकालीन, टप्प्याटप्प्याने केलेल्या मूल्यमापनातच दिसते.