बदली यान

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी बायकोनूरहून अंतराळात गेले आणि ११ एप्रिलला परत आले, हे आपण शाळेत शिकतो. एक गोष्ट मात्र शाळेत सहसा कोणी सांगत नाही. ते गेले एका यानातून आणि परतले दुसऱ्याच यानातून. जाताना सोयुझ टी-११ होतं, येताना सोयुझ टी-१०.

असं का झालं, हे समजून घ्यायला लालबाग-परळमधला एक जुना शब्द उपयोगी पडतो. बदली.

गिरणीत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदलीवाला लागायचा. पाळी सुरू व्हायच्या वेळेला ही माणसं कार्ड घेऊन गेटवर उभी राहायची. काम मिळालं तर आत, नाहीतर परत खोलीवर. माणूस कुठलाही असो, साचा थांबता कामा नये. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात बदली कामगारांना कायम करा, हीसुद्धा एक मागणी होती.

अंतराळस्थानकाचं गणितही असंच आहे. तिथे राहणाऱ्याचं नाव होतं, पण स्थानक चालतं ते बदलीवर आणि वेळेवर येणाऱ्या मालावर.

हे नसलं की काय होतं, ते स्कायलॅबने दाखवलं. अमेरिकेने मे १९७३ मध्ये हे स्थानक वर सोडलं तेव्हा अन्न, पाणी आणि हवेचा मुख्य साठा आतच भरून दिला होता. माल घेऊन जाणारं वेगळं यान नव्हतं. तीन तुकड्या राहून आल्या, शेवटची फेब्रुवारी १९७४ मध्ये. पुढे स्पेस शटल जाऊन त्याची कक्षा उंचावेल अशी आशा होती, पण शटल वेळेत तयार झालं नाही. ११ जुलै १९७९ ला स्कायलॅब कोसळलं. डोक्यावर पडेल म्हणून भारतातही लोक घाबरले होते. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात.

सोव्हिएत अभियंत्यांनी दुसरा मार्ग काढला. १९७७ च्या सॅल्यूट-६ ला त्यांनी दोन दारं ठेवली. जानेवारी १९७८ मध्ये सोयुझ-२७ मधून दोन पाहुणे आले, आपलं ताजं यान तिथल्या दोघांसाठी ठेवून त्यांच्या जुन्या सोयुझ-२६ मधून परतले. त्याच महिन्यात प्रोग्रेस-१ हे बिनमाणसाचं मालवाहू यान दोन टनांहून जास्त माल आणि इंधन घेऊन पोचलं. रिकामं झालं की त्यात कचरा भरायचा आणि ते वातावरणात जळू द्यायचं.

यान बदलायचं कशासाठी? कारण सोयुझ कक्षेत कितीही दिवस उभं ठेवता येत नाही. खाली येताना कुपीचा तोल सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते हळूहळू विघटित होत जातं. घरी नेणारी गाडीच दारात उभी राहून जुनी होते.

१९८३ मध्ये ही भीती खरी ठरायची वेळ आली. सॅल्यूट-७ वर ल्याखोव आणि अलेक्सांद्रोव जूनपासून होते. सप्टेंबरमध्ये इंधन भरताना स्थानकाची नळी गळू लागली. त्यांची सुटका करायला २६ सप्टेंबरला व्लादिमीर तितोव आणि गेन्नादी स्ट्रेकालोव निघणार होते. उड्डाणाच्या काही क्षण आधी रॉकेटला आग लागली. बचाव रॉकेटने त्यांची कुपी उचलून दूर फेकली आणि दोघं वाचले. वरच्या दोघांची बदली मात्र खाली जळून गेली. तितोव-स्ट्रेकालोव जे काम करणार होते, ते नवे सौरपंखे बसवायचं कामही वरच्या दोघांनीच स्थानकाबाहेर जाऊन केलं. नोव्हेंबरमध्ये, १४९ दिवसांनी, ते आपल्या जुन्याच यानातून सुखरूप उतरले.

आता १९८४ कडे या. फेब्रुवारीत किझिम, सोलोव्योव आणि डॉक्टर असलेले अत्कोव सोयुझ टी-१० मधून सॅल्यूट-७ वर गेले. त्यांना २३७ दिवस काढायचे होते. एवढे दिवस एकाच यानाच्या भरवशावर राहणं धोक्याचं. एप्रिलमध्ये मालिशेव, स्ट्रेकालोव आणि राकेश शर्मा ताजं टी-११ घेऊन पोचले. होय, सहा महिन्यांपूर्वी आगीतून वाचलेले तेच स्ट्रेकालोव.

आठवडाभर स्थानकात सहा माणसं होती. शर्मांनी भारताच्या भूभागाची छायाचित्रं काढली, योगाचे प्रयोग केले, इंदिरा गांधींशी बोलले. हे सगळं आपल्याला माहीत आहे. निघायच्या वेळी मात्र एक घरगुती काम उरतं. सोयुझमधली प्रत्येक बैठक त्या-त्या माणसाच्या अंगाच्या मापाने ओतलेली असते. यान बदलायचं म्हणजे बैठकीचा साचाही उचलून दुसऱ्या यानात न्यायचा. मग तिघं टी-१० मधून उतरले. वरचे तिघं पुढे मालवाहू यानांतून आलेल्या सामानाने ती गळकी नळी दुरुस्त करत राहिले. २ ऑक्टोबरला ते उतरले, शर्मांच्या टी-११ मधून.

आजही हेच चालू आहे. सुनीता विल्यम्स ‘अडकल्या’ अशा बातम्या तुम्ही फोनवर वाचल्या असतील. त्यांना आणि बुच विल्मोर यांना परतीची जागा मिळावी म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये चार आसनांचं ड्रॅगन दोनच माणसं घेऊन गेलं. झीना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन यांना त्या फेरीतून उतरावं लागलं. मार्च २०२५ मध्ये विल्यम्स परतल्याची बातमी सगळीकडे झाली, या दोघींची नावं फार थोड्यांनी ऐकली.

गिरणीतल्या बदलीवाल्याची दैना अंतराळवीरांच्या वाट्याला येत नाही, हा फरक विसरता कामा नये. तिथे बदलीला मान आहे, पगार आहे, उद्याची खात्री आहे. पण साचा चालू ठेवणाऱ्याचं नाव मागे पडतं, एवढं दोन्हीकडे सारखं.

दिल्लीच्या नेहरू तारांगणात शर्मांची परतीची कुपी ठेवली आहे. कधी गेलात तर नीट बघा. ती टी-१० ची आहे. तिच्या बदल्यात ठेवून आलेल्या टी-११ मुळे वरची तीन माणसं घरी पोचली.